तळ्याकाठची पायवाट पायवाटच राहू द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान सार्वजनिक वने आणि त्यांतील तळ्याकाठच्या वाटा यांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. वाट रुंद करणे, तिच्यावर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकणे, पाण्याच्या कडेने कठडा बांधणे, ठरावीक अंतरावर दिव्यांचे खांब उभारणे ही कामे या बातम्यांत सुधारणा म्हणून मांडलेली असतात. ती सुचवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. लोकांना सुखाने फिरता यावे हीच त्यांची इच्छा असते. मात्र अशाच एका लहानशा वनात मी गेली १४ वर्षे जवळजवळ रोज सकाळी चालते आहे आणि त्या अनुभवावरून कळकळीने सांगावेसे वाटते की, अशा वाटेला गरज असते ती पाण्याच्या निचऱ्याची, रुंदीची नव्हे. रुंदीसाठी काढलेला पैसा निचऱ्यासाठी वापरला, तर वनही टिकेल आणि फिरणाऱ्यांची अडचणही दूर होईल.

मी ज्या वाटेने जाते ती तळ्याला पूर्ण वळसा घालते. प्रवेशद्वारापासून दहा मिनिटांवर ती किंचित खोलगट होते आणि पाऊस पडून गेला की तेथे पाणी साचते. मी यायला लागले तेव्हा तेथे एक लहान डबके होते, एक लांब पाऊल टाकले की ते पार होई. बूट भिजवणे कोणाला आवडत नाही, म्हणून लोक डाव्या अंगाने जाऊ लागले. तेथले गवत गेले, माती उघडी पडली, मग तीही दबली आणि डबके त्या बाजूला पसरले. त्यानंतर लोकांनी उजवी बाजू धरली, म्हणजे पाण्याची. आज त्या ठिकाणी एका वाटेच्या तीन वाटा झाल्या आहेत. मी पावलांनी मोजून पाहिले. जेथे दोन पावलांची वाट होती तेथे आता अकरा पावलांचा उघडा, घट्ट झालेला पट्टा आहे. उजव्या कडेच्या मोठ्या झाडाची मुळे वर आली आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घासून ती गुळगुळीत झाली आहेत. पावसात त्यांवरून पाय घसरतो, म्हणून लोक आता त्या मुळांनाही वळसा घालतात. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे डबक्याच्या कडेनेच गेले आहे, आणि त्या अकरा पावलांत माझीही पावले आहेत.

हे असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही. वनातील निरोगी माती हातात घेतली तर भुसभुशीत लागते, कारण वरच्या थरात तिच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग मोकळ्या जागेचा असतो. त्या बारीक पोकळ्यांतून पाणी खाली मुरते आणि मुळांना हवा मिळते. झाडाची अन्नपाणी शोषून घेणारी बारीक मुळे बहुतांशी याच वरच्या वीतदीड वीत थरात असतात. माणसांच्या वजनाने हा थर दाबला गेला की पोकळ्या मिटतात, पाणी मुरायचे थांबते, ते वाटेवरूनच वाहू लागते आणि वाहताना माती घेऊन जाते. म्हणजे डबके हे फक्त पावसामुळे झालेले नसते; वाटेची माती पाणी प्यायची थांबली आहे आणि आलेल्या पाण्याला बाहेर पडायला मार्गही नाही, हे ते सांगत असते.

माणसांच्या चालण्याने वनस्पतींचे किती नुकसान होते, हे मोजण्याची एक साधी आणि अतिशय उपयुक्त पद्धत अमेरिकी वनसेवेतील संशोधक डेव्हिड कोल आणि त्यांचे सहकारी नील बेफील्ड यांनी १९९३ मध्ये मांडली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब असे पट्टे आखायचे. एका पट्ट्यावरून कोणीच चालायचे नाही आणि उरलेल्यांवरून २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचे. या धर्तीवर निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. नुकसानीचा मोठा वाटा पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो आणि त्यानंतर तितक्याच फेऱ्यांनी होणारी भर कमी कमी होत जाते. दाट सावलीत वाढणाऱ्या रुंद पानांच्या नाजूक वनस्पती तर सर्वांत आधी मोडतात. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. हजार माणसे एकाच अरुंद वाटेने गेली तर जे नुकसान व्हायचे ते त्या वाटेपुरते होऊन थांबते. तीच हजार माणसे दहा पावलांच्या पट्ट्यात विखरून गेली तर तो सगळा पट्टा उजाड होतो. आपण गर्दी विरळ केली की वनावरचा भार कमी होईल असे सहज वाटते, पण जमिनीच्या बाबतीत नेमके उलटे घडते.

वन लहान असले की या हिशेबाला आणखी धार येते. समजा, वन २० हेक्टरांचे आहे आणि त्यात ३ किलोमीटर वाटा आहेत. वाट दीड मीटरची असेल तर तिच्याखाली जाणारी जमीन अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी भरते, म्हणजे सव्वादोन टक्के. तीच वाट कडेच्या पट्ट्यांसह सहा मीटरची केली की १.८ हेक्टर जमीन जाते, म्हणजे नऊ टक्के. शिवाय अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले राहतात. वाट रुंद झाली की मधले छत फाटते, ऊन थेट जमिनीवर उतरते, ओल उडते आणि वनाच्या आतपर्यंत बाहेरचे रान शिरते. मोठ्या अरण्याला असा एखादा चिरा सोसतो. लहान वनात आधीच कडा जास्त आणि गाभा थोडा असतो.

आता फरशा आणि काँक्रीट यांविषयी. त्यांच्यासाठी आधी जमीन खोदावी लागते, आणि खोदकाम नेमके त्याच थरात होते जेथे मुळे असतात. मुळे तुटलेले झाड त्याच वर्षी वाळते असे नाही. ते काही वर्षे तग धरते, मग शेंड्याकडून झडू लागते, आणि तोवर काम करणारेही विसरलेले असतात आणि काम करवून घेणारेही. जी मुळे वाचतात ती जाडावताना पेव्हर ब्लॉक उचलतात. सावलीतल्या ओलसर काँक्रीटवर शेवाळ धरते आणि त्यावरून वयस्क माणूस घसरला तर मातीवर पडण्यापेक्षा फार वाईट इजा होते. शिवाय कठीण पृष्ठभागावर पडलेले पाणी मुरत नाही. ते वेगाने कडेला येते आणि तेथे ओघळ पाडते. एका हंगामात फरशीच्या कडेखालची माती निघून गेलेली आणि फरशी अधांतरी राहिलेली मी पाहिली आहे. तो तुकडा दुरुस्त होईपर्यंत लोक कोठून चालले, हे वेगळे सांगायला नको.

हे पाणी आणि ही माती जाते कोठे? तळ्यात. याच मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून त्यावर थोडे थांबते. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस येतो आणि गोड्या पाण्याच्या तळ्यात त्याचे प्रमाण वाढले की शेवाळ माजते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्यावर डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला. ते तळे मध्यभागी अरुंद आहे. तेथे प्लॅस्टिकचा पडदा लावून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या भागात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही घातला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रात पडद्याच्या दोन बाजूंचा फरक कोणालाही समजावा इतका स्पष्ट आहे. शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तळ्याच्या काठावरची लव्हाळी, पाणगवत आणि झुडपे वाहत येणारा गाळ अडवतात. पाण्याचे दृश्य मोकळे दिसावे म्हणून तीच काढून टाकली आणि तेथपर्यंत वाट नेली, तर तळ्याची गाळणीच आपण फेकून दिली असे होते. अन्न, उरलेला पाव पक्ष्यांसाठी पाण्यात टाकणे हाही त्याच दिशेने जाणारा प्रकार आहे, आणि तो प्रेमापोटी होत असल्यामुळे थांबवणे अधिक अवघड जाते.

त्या लव्हाळ्यांत आणखी एक कुटुंब राहते. टिबुकली हा बदकाहूनही लहान पाणपक्षी आपले घरटे पाण्यावरच तरंगते ठेवतो, आणि लव्हाळ्यांना अडकवलेल्या कुजक्या पाणवनस्पतींचा तो ढीग पाहून कोणाला घरट्याची शंकाही येणार नाही. पक्षी घरटे सोडून जाताना अंड्यांवर ओली पाने ओढून घेतो. गेल्या वर्षी मी एका झुडपाआडून हे पाहत उभी होते. वाटेवरून मोठ्याने बोलत काही माणसे आली आणि काठाशी वाकून छायाचित्रे काढू लागली. पक्ष्याने दोनतीन पाने कशीबशी ओढली आणि डुबकी मारली. एक अंडे अर्धे उघडे राहिले. माणसे पाच मिनिटांत निघून गेली. पक्षी परत यायला त्याहून बराच वेळ लागला. त्या माणसांना घरटे दिसलेसुद्धा नव्हते. वाट काठापासून आठदहा पावले आत असती आणि मध्ये झुडपांचा पडदा असता, तर दोघांनाही एकमेकांचा त्रास झाला नसता.

कुत्र्यांचा प्रश्न नाजूक आहे, आणि माझ्याही घरी कुत्रा आहे, म्हणून तो टाळत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपासच्या वनांत ९० ठिकाणी पाहणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्रा फिरवला गेला त्या वाटांवर पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली; आणि ती कुत्री साखळीला बांधलेली होती. तो अभ्यास वाचल्यापासून मी माझ्या कुत्र्याला तळ्याच्या वाटेवर नेत नाही, बाहेरच्या रस्त्याने फिरवते. सगळ्यांनी तसेच करावे असा हट्ट नाही, परंतु एखादी वाट कुत्र्यांसाठी आणि दुसरी फक्त माणसांसाठी अशी विभागणी करणे कोणत्याही व्यवस्थापनाला अशक्य नाही. स्पीकरवर गाणी लावून चालणे मात्र कोठल्याच वाटेवर असू नये. दिव्यांचेही तेच, वन सूर्यास्ताला बंद होत असेल तर रात्रभर उजेड कोणासाठी हवा?

निचऱ्याचे काम म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय माझे म्हणणे अर्धवट राहील. वाट उतारावरून सरळ खाली कधी उतरू नये, ती उताराला आडवी जावी. ज्या उतारावरून ती जाते त्या उताराच्या निम्म्याहून अधिक चढ तिला असू नये, असा पायवाटा आखणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तो मोडला की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेलाच ओढा समजते. वाटेचा पृष्ठभाग खालच्या बाजूला अगदी किंचित कललेला असावा, शंभरात पाच इतका, म्हणजे चालणाऱ्याला तो जाणवत नाही पण पाण्याला जाणवतो. ठरावीक अंतरावर वाट जराशी खाली उतरून पुन्हा वर चढावी, म्हणजे पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते. जेथे मुळातच पाणथळ आहे तेथे दगड आणि जाड खडी घालून वाट उंच करावी, किंवा लाकडी फळ्यांची पायवाट जमिनीपासून उचलून न्यावी, म्हणजे खालून पाणीही जाते आणि बेडूकही. यातले काहीही महागडे नाही. मात्र हे काम एकदा करून विसरण्याचे नाही. पानगळीत पाण्याच्या वाटा पानांनी बुजतात आणि त्या दरवर्षी मोकळ्या कराव्याच लागतात. उद्घाटन करता येईल असे यात काही नसते, आणि बहुधा त्यामुळेच अंदाजपत्रकात देखभालीला जागा मिळत नाही.

रुंद, पक्क्या वाटेच्या बाजूने एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. जी माणसे चाकाच्या खुर्चीत आहेत, ज्यांना वॉकर लागतो, ज्यांच्याबरोबर तान्ह्या मुलाची गाडी आहे, त्यांनी काय करायचे? माझ्या वडिलांना शेवटची तीन वर्षे वॉकर लागत होता. त्यांना तळे पाहायचे होते. एका सकाळी मी त्यांना घेऊन गेले आणि प्रवेशद्वारापासून चाळीसएक पावलांवर वॉकरचे पुढचे पाय चिखलात रुतले. तो उपसून काढताना त्यांचा तोल गेला. पडले नाहीत, पण परतताना ते काही बोलले नाहीत आणि पुन्हा कधी चल म्हणाले नाहीत. तळे त्यांना दिसले नाही. ही खंत मला आजही आहे, आणि म्हणूनच मी ठामपणे म्हणते की प्रवेशद्वारापासून पाण्यापर्यंतचा एक तुकडा सर्वांना जाता येईल असा असलाच पाहिजे. त्याला दीड मीटर रुंदी, विसात एकपेक्षा अधिक नसलेला चढ, घट्ट बसवलेली बारीक खडी किंवा फळ्यांचा पृष्ठभाग, अधूनमधून टेकायला बाकडे, आणि शेवटी बसून पाणी दिसेल अशी जागा इतके पुरते. ते काम नेटके झाले, तर उरलेली दोनअडीच किलोमीटर वाट मातीची ठेवण्यात कोणावरही अन्याय नाही. सगळी वाट पक्की करण्याच्या नादात हा पहिला तुकडाच चढाचा आणि घसरडा करून ठेवलेला असतो, हे अधिक दुःखाचे आहे.

अशी बंधने लोकांना आवडणार नाहीत, अशी भीती व्यवस्थापनाला वाटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्डन तळे जगभरच्या लोकांचे आवडते ठिकाण आहे. तेथे एका वेळी आत असणाऱ्या माणसांच्या संख्येला मर्यादा आहे आणि ती गाठली की काही काळ प्रवेश थांबवतात, कुत्री आणायला मनाई आहे, आणि काठ खचू नये म्हणून तळ्याभोवतीच्या वाटेच्या कडेने तारेचे साधे कुंपण आहे. लोक तरीही येतात आणि वाट अरुंद म्हणून परत जात नाहीत. जपानच्या वनसंस्थेने १९८२ मध्ये वनस्नान हा शब्द रूढ केला, तोही निवांतपणे झाडांमध्ये वेळ घालवण्यासाठी. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु लोक वनात कशासाठी येतात याचा अंदाज नक्कीच येतो. रस्त्यासारखा रस्ता त्यांना घराबाहेर पाऊल ठेवताच मिळतो.

आम्ही रोज फिरणाऱ्या सात जणांनी मागच्या पानगळीनंतर व्यवस्थापनाकडे एक अर्ज केला. त्या अकरा पावलांच्या पट्ट्याशेजारची पाण्याची जुनी वाट पानांनी आणि गाळाने बुजली आहे. ती आम्ही आमच्या हातांनी, देखरेखीखाली, मोकळी करून देतो, असे त्यात लिहिले होते. सार्वजनिक मालमत्तेत खासगी व्यक्तींना काम करता येणार नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. नियमामागचे कारण आम्हाला समजते. कोणीही उठून कोठेही फावडे चालवू लागले तर त्यातून दुसरेच नुकसान होईल. परंतु देखरेखीखाली काम करू इच्छिणाऱ्यांसाठी एखादी रीतसर पद्धत ठरवता येणार नाही का, हा आमचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

आपल्या दैनिकाद्वारे माझी संबंधितांना एवढीच विनंती आहे की, तळ्याकाठच्या कोणत्याही वाटेचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तो आखणाऱ्यांनी आणि मंजूर करणाऱ्यांनी भर पावसात ती वाट एकदा संपूर्ण चालावी. कोरड्या दिवशी नकाशा हातात घेऊन पाहणी केली तर फक्त रुंदी दिसते. पाऊस चालू असताना पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे माती उचलते आणि कोणत्या जागी तळ्यात उतरते हे डोळ्यांसमोर घडते. त्या वेळी एक माणूस वॉकर घेऊन बरोबर असावा, आणि डबके लागले की सगळ्यांनी त्याच्या मधून जावे. आमच्या वाटेची अशी पाहणी ठरली तर आम्ही सातही जण यायला तयार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक